‘पेरिप्लस’ मुळातून वाचायचंय? ग्रंथालयात शिरण्याआधीची तयारी

पैठण, तेर, कल्याण, सोपारा या आपल्या गावांची नावं ज्या ग्रीक पुस्तकात येतात, ते पहिल्या शतकातलं ‘एरिथ्रियन समुद्राचं पेरिप्लस’ (तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातल्या व्यापाराची खलाशी-व्यापाऱ्यांसाठीची वाटाडी) मुळातून वाचायचं मनात असेल आणि त्यासाठी लंडन-ऑक्सफर्डात चार दिवस मिळणार असतील, तर निम्मं काम घरीच उरकून निघा.

सगळ्यात आधी वहीत प्रकरणांचे क्रमांक उतरवा. आवृत्तीगणिक पानं बदलतात, प्रकरणं बदलत नाहीत. आपल्या कामाची मुख्यतः ५१ आणि ५२: भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर म्हणजे आपलं तेर, आणि कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला धाडली जात, ती नोंद. जोडीला रोमन लेखक प्लिनीच्या ‘नॅचरल हिस्टरी’तलं ६.१०१ (सहावा भाग, परिच्छेद १०१), भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, ही त्याची कुरकुर तिथेच आहे.

शॉफचं १९१२चं इंग्रजी भाषांतर आणि म्यूलरची १८५५ची ग्रीक संहिता स्वामित्वहक्काबाहेर आहेत, घरीच उतरवून घ्या. शॉफच्या टिपा रसाळ आहेत, पण शंभर वर्षांपूर्वीच्या. त्यातल्या सनावळ्यांवर विसंबू नका. संहितेसाठी फ्रिस्कची (१९२७) आणि भाष्यासाठी कॅसनची (१९८९) आवृत्ती हवीच. एकच पुस्तक हाती लागणार असेल तर माझं मत कॅसनला: ग्रीक, भाषांतर आणि भाष्य एकाच खंडात. दहाव्या शतकातलं हस्तलिखित हायडेलबर्गला आहे, त्याची छायाचित्रं तिथल्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. त्यासाठी जर्मनीला जायला नको. ग्रीक कच्चं असेल तर टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर लिडेल-स्कॉट हा ग्रीक-इंग्रजी कोश चाळायची सवय आधीच करून ठेवा.

ग्रंथालयातला वेळ राखून ठेवायचा तो वर्गणीशिवाय न उघडणाऱ्या गोष्टींसाठी. ‘थिसॉरस लिंग्वे ग्रेके’ या ग्रीक ग्रंथांच्या संगणकीय भांडाराचा पूर्ण संग्रह त्यातलाच. कुठले ग्रीक शब्द शोधायचे (गोमेद, सुती कापड, बंदर) ते ग्रीक लिपीतच लिहून न्या. नव्या लेखांसाठी ‘लाने फिलोलोझिक’ ही ग्रीक-रोमन अभ्यासावरच्या लेखांची सूची. ती भराभर चाळून फक्त संदर्भ टिपायचे, वाचन नंतर.

ऑक्सफर्डला जाणार असाल तर जुन्या माहितीतली ‘सॅकलर लायब्ररी’ शोधत बसू नका. २०२३पासून ती ‘बोडलियन आर्ट, आर्किऑलॉजी अँड एन्शन्ट वर्ल्ड लायब्ररी’ झाली आहे. लंडनात सेनेट हाउसमध्ये हेलेनिक (ग्रीक) आणि रोमन अभ्यासाच्या सोसायट्यांचं संयुक्त ग्रंथालय आहे. बाहेरच्या वाचकाला प्रवेश कसा मिळतो, कुठली कागदपत्रं लागतात, हे निघण्यापूर्वी ईमेलने विचारून घ्या आणि उत्तराची छापील प्रत सोबत ठेवा. बोडलियनमध्ये (ऑक्सफर्ड विद्यापीठाचं ग्रंथालय) ‘आत आग पेटवणार नाही’ अशी शपथ घ्यावी लागते, हसू नका.

शिसपेन्सिली दोन. फोटो काढायची परवानगी असेल तर आधी शीर्षकपानाचा काढा, मग आतल्या पानांचे.