गेज शून्य म्हणजे दाब शून्य नव्हे

डिप्लोमाला थर्मलमध्ये माझी केटी राहिली, म्हणजे विषय सुटला नाही. वायूचा दाब, आकारमान आणि तापमान जोडणारं सूत्र, पीव्ही = एमआरटी, पाठ होतं, सम्सही सुटत होते. नडला तो फक्त एक बार, म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा असतो तेवढा दाब.

दाब मोजणारं गेज आतला पूर्ण दाब दाखवत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे, तेवढंच दाखवतं. टायरवर ३२ पीएसआय दिसले तर आत ४६.७ असतात, कारण वातावरणाचे १४.७ (म्हणजे जवळपास एक बार) गेज धरतच नाही. सूत्रात जायचा तो ॲब्सोल्यूट, म्हणजे वातावरणासकट पूर्ण दाब. हे वर्गात सगळ्यांनी ऐकलेलं असतं, मीही ऐकलं होतं. पण सीएनजीच्या टाकीवर गेज २०० बार दाखवतं. तिथे २०१ ऐवजी २०० घातले तर उत्तर जेमतेम अर्ध्या टक्क्याने चुकतं आणि वहीवर बरोबरची खूण मिळते. टाक्यांची सगळी सम्स माझी अशीच 'बरोबर' येत गेली.

मग इंजिन आलं. सक्शन, म्हणजे हवा आत ओढणं, संपताना सिलिंडरमध्ये जवळपास बाहेरच्याइतकाच दाब, म्हणजे गेजने शून्य. कॉम्प्रेशन रेशो १०, म्हणजे पिस्टन ती हवा दाबून एक दशांश जागेत बसवतो. शून्याला कशानेही गुणा, शून्यच! तोंडीला एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मग पिस्टन दाबतोय काय?" मला उत्तर देता आलं नाही.

खरा हिशोब असा: १ बार ॲब्सोल्यूट गुणिले १० चा १.४ वा घात (१.४ हा हवेचा ठरलेला आकडा), म्हणजे सुमारे २५ बार. तापमानाचंही तेच. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन. दाबल्यावर १० चा ०.४ वा घात, म्हणजे सुमारे अडीच पट, होतात साधारण ७५३ केल्विन, म्हणजे ४८० अंश. सेल्सिअसमध्येच गुणलंत तर ६८ येतील. चहासुद्धा याहून गरम असतो.

सॉल्व्हड पेपर पाठ करू नका, स्पष्ट सांगतो. त्यात पहिला दाब आयता ॲब्सोल्यूट दिलेला असतो, त्यामुळे खड्डा दिसतच नाही. आणि घाबरूही नका, एकदा कळलं की हे विसरता येत नाही. फक्त घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला हे सूत्र लावून किती गॅस उरला ते काढू नका. आत द्रव आहे, तो संपेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, उरलेल्या गॅसवर नाही.

मला हे पक्कं समजलं ते गॅरेजात. मेस्त्रींनी प्लग काढून तिथे कॉम्प्रेशन टेस्टर, म्हणजे सिलिंडरचा दाब दाखवणारं गेज, लावला, स्टार्टर मारला. काटा १२ बारवर थांबला. हिशोबाचे २५ ॲब्सोल्यूट म्हणजे गेजवर २४; मग २४ का नाही, तर पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो, शिवाय गार भिंती उष्णता खेचतात आणि रिंगांतूनही थोडी हवा निसटते. मग त्यांनी टेस्टरचं बटण दाबून हवा सोडली. काटा शून्यावर आला.

"आता आत काही नाही ना?" त्यांनी विचारलं.

"एक बार आहे," मी म्हणालो.