जुन्या स्पार्कस्टेशनवर जपानी मजकूर-संपादन कसे सुरू करावे

जुने युनिक्स वर्कस्टेशन जपून ठेवणाऱ्या किंवा इम्युलेटरवर ते पुन्हा उभे करणाऱ्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सचे स्पार्कस्टेशन, त्यावरील सनओएस ४.१ मालिकेची प्रणाली आणि म्यूल हा जपानी लिहिता येणारा ईमॅक्स मजकूर-संपादक घेतला आहे. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी टाइप करताना ती रोमन लहान लिपीत लिहायची आहेत.

जपानी मजकूर पडद्यावर येण्यासाठी पाच थर एकावर एक बसावे लागतात: बाइट, फाँट, टर्मिनल, संपादक आणि कना-कांजी रूपांतर, म्हणजे कना या उच्चारदर्शक अक्षरांतून (हिरागाना व काताकाना) कांजी ही शब्दचिन्हे मिळवणे. पुढचा थर हातात घेण्यापूर्वी आधीचा थर स्वतंत्रपणे तपासून पुरा करावा, हे या कामाचे सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे. सगळे एकदम बसवून शेवटी पडद्यावर कचरा दिसला, तर दोष कोणत्या थरात आहे हे शोधण्यातच सगळा वेळ जातो.

यंत्राची तयारी

पहिले स्पार्कस्टेशन १९८९ साली २० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरसह आले आणि पुढच्याच वर्षी ४० मेगाहर्ट्झचे स्पार्कस्टेशन २ आले. दोन्हींवर हे काम होते, मात्र स्मृती किमान १६ मेगाबाइट असावी. प्रत्यक्ष यंत्र नसेल, तर क्यूएमू हा इम्युलेटर स्पार्कस्टेशन ५ चे रूप घेऊ शकतो, सनओएस ४.१.४ चालवण्यासाठी त्याला सनचा मूळ प्रॉम, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या चिपमधील प्रोग्राम, द्यावा. सनओएससोबत आलेला सी कंपायलर जुन्या, म्हणजे अ‍ॅन्सी मानकापूर्वीच्या वळणाचा आहे, त्यामुळे जीएनयूचा जीसीसी आधीच बसवून घ्यावा. आक्रसलेल्या फायली उलगडण्यासाठी या प्रणालीत कॉम्प्रेस आहे, पण जीझिप नाही. तेही सोबत आणावे.

सनची ओपनविंडोज ही खिडकी-प्रणाली यंत्रावर असतेच, पण तिची फाँट-व्यवस्था वेगळी असल्याने आपल्या कामात ती अडचणच करते. त्याऐवजी एमआयटीच्या एक्स या खिडकी-प्रणालीच्या एक्स११ आर५ या आवृत्तीचा एक्ससन सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्राम, वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात जपानी फाँट मूळ वितरणातच मिळतात.

पहिला थर: बाइट

जपानच्या जिस एक्स ०२०८ या मानकात ९४ ओळी आणि ९४ स्तंभांचा तक्ता आहे. १९९० च्या आवृत्तीत त्यात ६,८७९ चिन्हे आहेत आणि त्यांपैकी ६,३५५ कांजी आहेत. प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. हिरागानातील पहिला स्वर ‘अ’ घ्या. जिस मानकात त्याचे दोन बाइट ३६ आणि ३४ आहेत. युनिक्सवर रुळलेल्या ईयूसी पद्धतीत या दोन्हींत १२८ मिळवतात, म्हणजेच प्रत्येक बाइटची आठवी बिट चालू करतात, आणि १६४ व १६२ हे आकडे मिळतात. वैयक्तिक संगणकांवर चाललेल्या शिफ्ट-जिस पद्धतीत मात्र हेच अक्षर १३० आणि १६० असे साठवले जाते. जपानी टपाल आणि बातमी-जाळ्यावर, म्हणजे १९८४ साली सुरू झालेल्या जेयूनेटवर, आठवी बिट न वापरता आधी एस्केप-क्रम पाठवून नंतर ३६ व ३४ पाठवण्याची पद्धत पडली. १९९३ साली तिला आयएसओ-२०२२-जेपी हे नाव मिळाले.

वर्कस्टेशनवर फायलींसाठी ईयूसी ठेवावी. या पद्धतीत जपानी चिन्हाचा कोणताही बाइट साध्या रोमन अक्षराशी कधीच जुळत नाही. शिफ्ट-जिसमध्ये काही चिन्हांचा दुसरा बाइट उलट्या तिरक्या रेघेचा निघतो, आणि ही रेघ युनिक्सच्या शेलला व सीच्या कंपायलरला विशेष अर्थाची वाटत असल्याने मजकूर अधूनमधून फुटतो.

आता चाचणीची फाइल करू. जपानी संपादक अजून नाही, म्हणून इको या आज्ञेने एक्स आणि वाय ही दोन रोमन अक्षरे पाइपमधून टीआर या अक्षरे बदलणाऱ्या आज्ञेकडे द्यावीत, आणि टीआरला एक्सच्या जागी अष्टमान २४४ (म्हणजे दशमान १६४) व वायच्या जागी अष्टमान २४२ (म्हणजे १६२) घालायला सांगावे. तयार झालेली फाइल ओडी या बाइटांचे आकडे दाखवणाऱ्या आज्ञेने, बी पर्यायासह, पाहावी: २४४, २४२ आणि ओळसमाप्तीचा ०१२ दिसला, की फाइल बरोबर आहे.

बाइट वाटेत कापले जाऊ नयेत यासाठी एसटीटीवाय आज्ञेने सीएस-८ हा पर्याय चालू आणि आयस्ट्रिप हा पर्याय बंद करावा. दुसऱ्या यंत्रावर आरलॉगिनने जायचे असेल, तर उणे-८ हा पर्याय द्यावा. एरवी ती जोडणी आठवी बिट गाळू शकते. जुन्या बीएसडी सी-शेलने हीच बिट अवतरणाच्या अंतर्गत खुणेसाठी वापरली होती, म्हणून शेलच्या ओळीवर थेट जपानी लिहिण्याच्या भरीस पडू नये. जपानी लिहायचे ते संपादकात.

फाँट आणि टर्मिनल

एक्स११ आर५ सोबत के१४, जिसकान१६ आणि जिसकान२४ हे तीन जपानी फाँट येतात. ते बीडीएफ स्वरूपात असतील, तर बीडीएफटूपीसीएफ या साधनाने त्यांचे पीसीएफमध्ये रूपांतर करावे, त्या निर्देशिकेत एमकेफाँटडिर चालवावे आणि एक्ससेटच्या एफपी रीहॅश या आज्ञेने सर्व्हरला नवी यादी वाचायला लावावी. मग एक्सएलएसफाँट्सची यादी गाळून तीत जिसएक्स०२०८ हे नाव सापडते का, ते पाहावे. नाव सापडेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही. पडदा आजच्या लिनक्स यंत्राचा वापरत असाल, तर हे फाँट त्या यंत्रावर असले पाहिजेत, वर्कस्टेशनवर नव्हे. एक्समध्ये फाँट सर्व्हर पुरवतो, ही गोष्ट नवख्याच्या ध्यानात चटकन येत नाही.

टर्मिनलसाठी केटर्म घ्यावा. एक्सटर्ममध्येच जपानी अक्षरांची सोय करून तो तयार केलेला आहे. तो सुरू करताना उणे-केएम या पर्यायापुढे ईयूसी लिहावे आणि आत कॅट आज्ञेने आपली चाचणीची फाइल छापावी. हिरागाना ‘अ’ दिसला, तर तीन थर पुरे झाले.

न दिसल्यास जे दिसते ते नीट पाहावे, कारण दोष कुठे आहे ते त्यातूनच कळते. डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे दुहेरी अवतरणचिन्ह दिसले, तर वाटेत कोणीतरी आठवी बिट कापली आहे: १६४ चे ३६ झाले, १६२ चे ३४ झाले, आणि रोमन तक्त्यात ३६ म्हणजे डॉलर व ३४ म्हणजे अवतरण. अशा वेळी एसटीटीवाय आणि आरलॉगिन पुन्हा तपासावेत. चलनाचे गोल चिन्ह आणि सेंटचे चिन्ह दिसले, तर बाइट सुखरूप पोहोचले आहेत, पण टर्मिनल त्यांना पश्चिम युरोपीय अक्षरे समजत आहे. बहुधा केटर्मऐवजी साधा एक्सटर्म उघडलेला असतो.

संपादक

न बदललेल्या ईमॅक्स १८ मध्ये हीच फाइल उघडली, तर अक्षराऐवजी उलट्या रेघेसह २४४ आणि २४२ हे अष्टमान आकडे दिसतात. एवढेच असते तर चालले असते. खरी हानी अशी की कर्सर एकेका बाइटने सरकतो, आणि अर्धे अक्षर खोडले गेले की ओळीतील पुढच्या सर्व जोड्या चुकीच्या जुळतात. म्हणूनच जपानमध्ये ईमॅक्स १८ वर आधारित एनईमॅक्स तयार झाला आणि पुढे त्सुकुबा येथील इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत हांदा केनइची व सहकाऱ्यांनी अनेक लिपींसाठी म्यूल विकसित केला. हे काम १९९७ साली ईमॅक्स २० मध्ये सामावले गेले आणि त्यातूनच देवनागरीही ईमॅक्समध्ये आली. त्या भागावर कावाबाता ताइची यांचे नाव आहे.

आपण ईमॅक्स १९.२८ वर आधारलेला म्यूल २.३ बांधू. मूळ संकेत उलगडून कॉन्फिगर चालवताना यंत्राचे आणि प्रणालीचे नाव द्यावे, एक्सचा पाठिंबा मागावा, पण एक्स टूलकिट मागू नये. सनओएस ४ वर टूलकिटच्या सामायिक लायब्ररीमुळे जोडणीच्या वेळी चिन्हे न सापडण्याचा त्रास प्रसिद्ध आहे, आणि टूलकिटविना मजकूर-संपादनात काही उणे राहत नाही. मग मेक. शेवटच्या टप्प्यात टीईमॅक्स नावाचा कच्चा प्रोग्राम तयार होतो, तो लिस्पच्या फायली वाचून घेतो आणि आपली संपूर्ण स्मृतीच नव्या प्रोग्रामच्या रूपात डिस्कवर लिहितो. डिस्क भरली तर घात येथेच होतो, म्हणून मोकळी जागा आधीच पाहून ठेवावी.

सुरुवातीच्या डॉट-ईमॅक्स फाइलमध्ये फायलींची मूळ पद्धत ईयूसी-जपान अशी लिहावी. खालच्या पट्टीवर ई, एस किंवा जे हे अक्षर दिसते: ई म्हणजे ईयूसी, एस म्हणजे शिफ्ट-जिस, जे म्हणजे जेयूनेटची पद्धत. फाइल जतन करण्यापूर्वी या अक्षराकडे पाहण्याची सवय लावावी. बदलायचे असल्यास कंट्रोल-एक्स, कंट्रोल-के आणि एफ.

कना-कांजी रूपांतर

मराठी आपण रोमन कळांनी लिहितो, तेव्हा उच्चार कळला की अक्षर ठरते. जपानीत उच्चार कळूनही अक्षर ठरत नाही, कारण एकाच उच्चाराचे अनेक कांजी शब्द असतात. म्हणून शब्दकोशातून निवड करावी लागते. त्यासाठी व्न किंवा कान्ना हे रूपांतर-सर्व्हर वापरता येतात, परंतु ते वेगळे बांधावे लागतात. मी एसकेके सुचवतो. तोहोकू विद्यापीठात सातो मासाहिको यांनी १९८७ साली सुरू केलेली ही पद्धत निव्वळ ईमॅक्स लिस्पमध्ये आहे, सर्व्हरविनाही चालते, आणि शब्द कोठे सुरू होतो हे लिहिणाराच सांगत असल्याने यंत्राला वाक्य तोडत बसावे लागत नाही.

एसकेकेच्या लिस्प फायली म्यूलच्या शोधमार्गात ठेवाव्यात आणि सोबत लहान शब्दकोश घ्यावा. मोठा, म्हणजे एल अक्षराचा शब्दकोश, काही मेगाबाइटांचा आहे. सर्व्हरविना तो पूर्णच स्मृतीत वाचला जातो आणि १६ मेगाबाइटच्या यंत्राला ते जड जाते. सामायिक शब्दकोशात हाताने शब्द घालू नयेत, कारण शोध क्रमवारीवर अवलंबून असतो आणि क्रम मोडला की असलेले शब्दही सापडेनासे होतात. नवा शब्द संपादकातच नोंदवावा. तो आपल्या खासगी शब्दकोशात जातो.

कंट्रोल-एक्स, कंट्रोल-जे दाबून एसकेके सुरू करावी. लहान अक्षरांत लिहिलेले हिरागाना होते, क्यू दाबल्यावर काताकाना, आणि एल दाबल्यावर पुन्हा रोमन. शब्दाचे पहिले अक्षर शिफ्टसह लिहिले, की तेथून रूपांतर सुरू होते आणि स्पेस दाबल्यावर कांजी येते. क्रियापदाचा रूपानुसार बदलणारा भाग जेथे सुरू होतो, तेथे पुन्हा शिफ्ट: ‘उगोकु’, म्हणजे हलणे, हे लिहिताना आरंभीचा यू आणि मधला के मोठा, आणि या वेळी स्पेसचीही गरज नाही.

चाचणीसाठी जपानमधील परिचित वाक्य घ्यावे: ‘किशा नो किशा वा किशा दे किशा शिता’, म्हणजे तुमच्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीने कंपनीत परतला. ‘किशा’ चारही वेळा मोठ्या केने सुरू करून स्पेसने योग्य कांजी निवडावी; चार निवडी चार वेगळ्या निघाल्या पाहिजेत. शेवटची निवड पुढच्या वेळी सर्वांत आधी समोर येते, त्यामुळे या वाक्यात पहिली सूचना सहसा चुकीचीच असते आणि स्पेस अनेकदा दाबावी लागते. हा दोष नव्हे. बऱ्याच वेळा दाबल्यावर उरलेले पर्याय खाली यादीने दिसतात. कंट्रोल-जे निवड पक्की करते, कंट्रोल-जी रद्द करते. शिकलेले शब्द म्यूल बंद करताना डिस्कवर जातात, म्हणून यंत्र थेट बंद करू नये.

बाहेरच्या फायली

दुसरीकडून आलेली फाइल बदलायला एनकेएफ हे छोटे साधन पुरते: उणे-ई म्हणजे ईयूसीत, उणे-एस शिफ्ट-जिसमध्ये, उणे-जे जेयूनेटच्या पद्धतीत. निकाल नेहमी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये घ्यावा. त्याच नावावर वळवला, तर वाचण्याआधीच मूळ फाइल रिकामी होते. मूळ पद्धत कोणती हे एनकेएफ अंदाजाने ठरवते, आणि अर्ध्या रुंदीच्या काताकानांनी भरलेल्या शिफ्ट-जिस फाइलीत हा अंदाज फसतो. अशा फाइलीला मोठ्या एसचा पर्याय देऊन आत येणारी पद्धत आपणच सांगावी.