मोरांदींच्या पद्धतीने घरातल्या भांड्यांचे तैलचित्र कसे करावे

चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेसाठी ज्यांनी स्थिरचित्राचा सराव केला आहे, त्यांना पितळी तांब्यावरची चकाकी पांढऱ्या रंगाच्या एका ठिपक्यात दाखवण्याची सवय असते. जॉर्जिओ मोरांदी या इटालियन चित्रकाराकडून काही शिकायचे असेल, तर पहिल्यांदा हीच सवय सोडावी लागते, कारण त्यांच्या चित्रांत चकाकीला जवळजवळ स्थान नाही. भांडे कशाचे आहे यापेक्षा ते शेजारच्या भांड्यापासून किती अंतरावर उभे आहे, हा त्यांचा विषय आहे.

मोरांदी १८९० मध्ये बोलोन्या येथे जन्मले आणि १९६४ मध्ये त्याच शहरात वारले. फोंदात्सा गल्लीतल्या घरात ते आपल्या तीन बहिणींसह राहत, आणि त्यांची झोपण्याची खोली हीच त्यांची चित्रशाळा होती. १९३० ते १९५६ या काळात त्यांनी बोलोन्याच्या कला अकादमीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून चित्र छापण्याची कला, शिकवले. १९४८ च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) आणि १९५७ च्या साओ पावलो बिएनालेत त्यांना चित्रकलेचे पारितोषिक मिळाले, तरी चित्रांचे विषय बदलले नाहीत: बाटल्या, डबे, फुलदाण्या, तेलाचे दिवे, आणि उन्हाळ्यात ग्रिझाना गावाची निसर्गदृश्ये. बहुतेक स्थिरचित्रांना त्यांनी ‘नातुरा मोर्ता’ एवढेच नाव दिले. इटालियनमध्ये स्थिरचित्रालाच तसे म्हणतात.

वस्तू जमवण्यासाठी नाशिककराला फार फिरावे लागत नाही. भांडी बाजारात नवे तांब्याचे गडू मिळतात. परंतु घरातला जुना चंबू, एखादे फुलपात्र, लोणच्याची चिनी मातीची बरणी आणि लेबल काढून टाकलेली वाइनची उंच बाटली एवढ्यावर पहिले चित्र उत्तम होते. पाच वस्तू पुरेत. पितळी भांडे चिंचेने घासू नये. काळसर पडलेले पितळ या कामाला अधिक चांगले. मोरांदी बाटल्यांना बाहेरून चमक नसलेला रंग लावत, काहींच्या आत रंग ओतत आणि वस्तूंवर धूळ बसू देत. आपल्याला हे घरच्या भिंतीसाठी आणलेल्या डिस्टेंपरने साधता येते: थोडा पातळ डिस्टेंपर बाटलीत ओतून ती गोल फिरवावी, उरलेला काढून टाकावा आणि बाटली दोन दिवस सुकू द्यावी. मग काचेतून आरपार दिसत नाही, परावर्तन कमी होते आणि बाटलीचा निव्वळ आकार समोर उरतो. वाडवडिलांच्या भांड्यांना मात्र रंग लावू नये. त्यांच्यावरची धूळ महिनाभर पुसली नाही तरी काम होते.

प्रकाश एकाच बाजूने आणि मंद यावा. उत्तरेची खिडकी असल्यास उत्तम. जुन्या नाशकातल्या वाड्यांत अरुंद गल्लीपलीकडच्या भिंतीवरून परतून येणारा उजेडही या कामाला फार अनुकूल असतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरे कापड लावावे.

आता मांडणी, आणि खरे काम येथेच आहे. टेबलावर कागद पसरावा, वस्तू एकमेकींजवळ आणाव्यात आणि प्रत्येक वस्तूच्या तळाभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी. मोरांदींच्या टेबलांवरच्या कागदांवर अशा खुणा आजही पाहायला मिळतात. दोन भांड्यांमधल्या फटीकडे भांड्याइतकेच लक्ष द्यावे: ती फट बाटलीसारखी निमुळती आहे का, तिचा रंग मागच्या भिंतीचा आहे की सावलीचा? एका भांड्याची कड दुसऱ्याच्या कडेला नेमकी भिडली की डोळ्याला पुढचे कोणते आणि मागचे कोणते हे क्षणभर कळत नाही. परीक्षेत ही चूक समजली जाते. मोरांदी मात्र हा संभ्रम जाणूनबुजून घडवतात, आणि माझ्या मते त्यांच्या चित्रासमोर माणूस थांबून राहतो तो यामुळेच. मांडणीला दोन-तीन दिवस लागले तरी घाई करू नये.

कॅनव्हास लहान घ्यावा. तीस बाय चाळीस सेंटिमीटर पुरे. टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी ब्लॅक या सहा रंगांत सारे भागते. रंग लावण्यापूर्वी पॅलेटवर चार-पाच करडे तयार करावेत, काही उबदार, काही थंड, आणि त्यांतला प्रत्येक करडा रंग मिसळायच्या सुरीवर घेऊन, ती भांड्याच्या दिशेने धरून पडताळावा. पांढरी बरणी पांढऱ्या रंगाने रंगवली की ती खडूसारखी दिसते. थोडा ऑकर आणि अंबर मिसळला की ती टेबलावर बसते. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करून लावावा आणि जवसाचे तेल वरच्या थरांत वाढवत न्यावे. खालचा थर अधिक तेलकट असेल, तर वरचा आधी सुकून पुढे चित्राला तडे जातात. कुंचल्याच्या खुणा पुसू नयेत आणि कड धारदार करण्याचा मोह टाळावा.

जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून सुकते आणि त्यात उष्णता निर्माण होते, म्हणून तेलाची फडकी चुरगळून ठेवल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. पावसाळ्यात चित्र सुकायला अधिक दिवस लागतात. ते भिंतीला टेकवून, हवा खेळती ठेवून सुकू द्यावे.

या दिवसांत टेबलावरची मांडणी मोडू नये. खुणांचा कागद तसाच ठेवून केवळ बाटली दोन बोटे डावीकडे सरकवावी, नवी रेघ ओढावी आणि दुसरा कॅनव्हास घ्यावा.