उंदराची स्मृती तपासताय? वॉटर मेझमधल्या या चुका टाळा

वॉटर मेझ या पोहण्याच्या चाचणीत औषध दिलेल्या उंदराला पाण्यातला प्लॅटफॉर्म सापडायला वेळ लागला की लगेच 'स्मृती बिघडली' असं लिहून मोकळं होण्याची घाई असते. पण हिप्पोकॅम्पसशी, म्हणजे जागा लक्षात ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाशी, काडीचाही संबंध नसलेली बरीच कारणं त्या उशिरामागे असू शकतात.

रिचर्ड मॉरिस यांनी ही चाचणी १९८१ साली मांडली. गोल टाकीत गढूळ केलेलं पाणी आणि त्याखाली दडवलेला प्लॅटफॉर्म. तो दिसत नसल्याने प्राण्याला भोवतीच्या खुणांवरून जागा लक्षात ठेवावी लागते. हिप्पोकॅम्पसला इजा केलेल्या रॅटना (मोठ्या जातीच्या उंदरांना) हे जमत नाही, हे १९८२ साली दिसून आलं.

मांडणीतल्या चुका

उंदरांसाठी साधारण १२० सेंटिमीटर व्यासाची टाकी, १० सेंटिमीटर रुंद प्लॅटफॉर्म आणि त्यावर १ सेंटिमीटर पाणी पुरतं. पाणी २२ ते २४ अंश सेल्सिअस ठेवा. त्याहून बरंच गार असेल तर उंदीर काकडतो आणि मंदावतो. कोमट असेल तर बाहेर पडायची त्याला घाईच नसते, नुसता तरंगत राहतो. दर फेरीनंतर अंग पुसून उबदार पिंजऱ्यात ठेवा. पाणी पांढरं करायला दूध पावडर वापरू नका, ती नासते. बिनविषारी पांढरा रंग बरा. मात्र पांढऱ्या पाण्यात पांढरा उंदीर कॅमेऱ्याला सापडत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

भिंतीवरच्या खुणा मोठ्या आणि एकमेकींपासून वेगळ्या हव्यात. सर्वांत मोठी खूण बहुतेकदा तुम्ही स्वतःच असता! म्हणून रोज एकाच जागी उभे राहा किंवा आडोशाला जा.

शिकवताना होणारी गफलत

रोज चार फेऱ्या, असे पाच दिवस, ही नेहमीची पद्धत. उंदराला पाण्यात सोडायची जागा दर फेरीला बदला. ती एकच ठेवली तर तो जागा न शिकता 'डावीकडे वळ आणि पोह' एवढंच शिकतो, आणि त्या सवयीत मुख्य काम स्ट्रायटम या मेंदूच्या दुसऱ्याच भागाचं असतं, म्हणजे मोजायचं एक आणि मोजलं भलतंच. ६० सेकंदांत प्लॅटफॉर्म सापडला नाही तर हाताने तिकडे न्या आणि १५ ते २० सेकंद तिथेच राहू द्या. घाईघाईत लगेच उचललं तर आजूबाजूच्या खुणा पाहून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही.

काठाकाठानेच फिरणारा उंदीर विसरभोळा नसतो, बहुधा घाबरलेला असतो. प्रयोगाआधी काही दिवस रोज दोन-तीन मिनिटं हाताळल्याने बराच फरक पडतो.

आकडे वाचताना

नुसत्या वेळेवर विसंबू नका. गुंगी आणणाऱ्या औषधाने पोहण्याचा वेग घटला तर रस्ता नेमका आठवत असूनही वेळ वाढतो. वेग आणि पोहलेलं अंतर दोन्ही काढा. अंतर सारखं आणि वेग कमी असेल तर स्मृतीला दोष देता येत नाही. प्लॅटफॉर्म पाण्यावर आणून त्यावर झेंडा लावलेली फेरीही घ्याच. तिथेही उशीर झाला तर दृष्टी, स्नायू किंवा इच्छा यांत गडबड आहे. सी३एच आणि एफव्हीबी या वाणांमध्ये डोळ्याचा पडदा लहानपणीच निकामी होतो, त्यामुळे असा वाण निवडला असेल तर स्मृतीबद्दल काहीच सांगता येत नाही.

प्लॅटफॉर्म काढून घेतलेली प्रोब ट्रायल शेवटच्या सरावानंतर २४ तासांनी घ्या. लगेच घेतली तर टिकाऊ स्मृती तपासली जात नाही. प्लॅटफॉर्म नाही हे लक्षात आलेला उंदीर थोड्या वेळाने दुसरीकडे शोधू लागतो, म्हणून पहिले ३० सेकंद वेगळे पाहा.

टाकीचे चार भाग धरले तर नुसत्या योगायोगाने प्रत्येकात २५ टक्के वेळ जातो. प्लॅटफॉर्म जिथे होता त्या भागात औषधाविना असलेला गट या आकड्याच्या स्पष्ट वर आणि औषधाचा गट तिथेच, एवढ्यावरून दोघांत फरक सिद्ध होत नाही. दोन गटांची थेट तुलना करा. तरंगणारे उंदीर वगळायचे असतील तर तो नियम पहिल्या फेरीआधीच लिहून ठेवा, आणि कोणत्या उंदराला काय दिलंय हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका.