घरगुती उद्योगासाठी मोबाइलची मांडणी: बेळगाव सीमाभागातील भगिनींकरिता

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अनेक स्त्रिया घरी चकली-चिवडा, पापड-सांडगे करतात किंवा ब्लाउज शिवून पिको-फॉल करून देतात. घरच्या गप्पा, शाळेचे निरोप आणि गिऱ्हाइकांच्या मागण्या एकाच मोबाइलवर एकत्र येत असल्याने दिवाळीच्या गर्दीत एखादी ऑर्डर हमखास निसटते. म्हणून पहिले काम म्हणजे धंद्यासाठी वेगळे सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप सुरू करणे.

त्यातील कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूचे दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र, वजन, दर आणि पदार्थ किती दिवस टिकतो हे लिहावे. आपल्या भागात हा मजकूर मराठीबरोबर कन्नडमध्येही असावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबातील मुलेही पुष्कळदा कन्नड शाळेत शिकलेली असतात. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर दोन्ही भाषांत बोलून टंकलेखन करता येते. तरी पदार्थांची नावे यंत्राच्या भाषांतरात बिघडतात, तेव्हा कन्नड येणाऱ्या शेजारणीकडून ती एकदा वाचून घ्यावीत. ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पोहोचले’ अशी लेबले लावली की कोणाचे काय राहिले ते लगेच कळते.

पैशांचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. यूपीआयचा क्यूआर कोड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा नसावा. तो स्वतःच्या नावावरील, शक्यतो केवळ धंद्यासाठी ठेवलेल्या खात्याला जोडलेला असावा. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते आणि त्यासाठी बँकेत गेल्यावर आपल्या व्यवसायाची उलाढाल दाखवायला हेच खाते उपयोगी पडते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, त्यामुळे तो मागणारा माणूस फसवत आहे असे समजावे. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पुरावा न मानता रक्कम जमा झाल्याचे स्वतःच्या खात्यात पाहूनच माल द्यावा. फसवणूक झालीच तर विनाविलंब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवावे.

उधारी गूगल शीट्समध्ये नोंदवावी: तारीख, नाव, माल, रक्कम, जमा, बाकी. खर्चाच्या पानावर गॅस आणि स्वतःची मजुरीही धरावी. ती न धरल्यामुळे दर कमी लावला जातो आणि नफा झाल्याचा नुसता भास होतो.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी ऑनलाइन करून तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, तिच्यासाठी शुल्क मागणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.

सीमाभागाची एक वेगळी अडचण आहे. निपाणीहून कोल्हापूर किंवा बेळगावहून चंदगड हे अंतर थोडे असले, तरी तिथे पार्सल पाठवणे ही आंतरराज्य विक्री ठरते आणि करपात्र मालाच्या अशा विक्रीसाठी, हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद सोडल्यास, उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. पापडावर जीएसटी नाही, चिवडा मात्र करपात्र आहे. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाने निपाणीत येऊन माल ताब्यात घेतला आणि बिलावर त्याचा महाराष्ट्रातला पत्ता लिहिलेला नसला, तर ती कर्नाटकातलीच विक्री होते. म्हणून सीमेपलीकडे नियमित पार्सले पाठवण्यापूर्वी आपल्या मालाची यादी कर सल्लागाराला दाखवून घ्यावी.