लहान विमान कोसळल्यावर कारण कसे शोधावे

सोलापूरजवळच्या शिवारात चार आसनी विमान कोसळले, आतले कोणी वाचले नाही आणि रेडिओवर संकटाचा एक शब्दही आला नाही, असे समजू. अशा विमानात ब्लॅक बॉक्स बहुधा नसतो. म्हणून जे काही कळायचे ते रानातूनच कळते. अधिकृत तपास केंद्राच्या विमान अपघात तपास ब्युरोकडे असतो. अपघात तपासाच्या नियमांनुसार माणसांना बाहेर काढणे किंवा आग विझवणे अशा कारणांखेरीज अवशेष हलवता येत नाहीत, आणि स्थानिक पोलिसांनी गर्दीला बांधाबाहेर थोपवून धरले, तरी निम्मे काम झाले असे मी म्हणेन.

प्रथम नाक, शेपटी आणि दोन्ही पंखांची टोके सापडतात का ते पाहावे. चारही एकाच ठिकाणी असतील, तर विमान जमिनीवर आदळेपर्यंत बहुधा अखंड होते. एखादे टोक दूरच्या रानात मिळाले, तर ते हवेतच तुटले असावे. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यांत बारीक सुटे भाग गडप होतात, म्हणून त्या भेगाही तपासाव्यात. पावसाची चिन्हे असतील, तर मातीवरच्या खुणांचे छायाचित्रण आणि मोजमाप सर्वांत आधी उरकावे.

विमान ओढणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पाती पीळ पडून वाकलेली, त्यांच्या रुंदीच्या दिशेने ओरखडे आणि मातीत ठरावीक अंतरावर चिरा असे एकत्र दिसले, तर आदळताना इंजिन शक्ती देत होते. एखादे पाते नुसते मागे वाकलेले असेल, तर इंजिन बंद किंवा मंद असण्याची शक्यता वाढते. इशारा देणाऱ्या दिव्याची तारही भिंगाखाली पाहावी, कारण पेटलेल्या दिव्याची तप्त तार धक्क्याने ताणली जाते, तर विझलेल्याची थंड तार ठिसूळपणे तुटते. टाकीतले तसेच शेवटी ज्या टँकरमधून भरले त्यातलेही इंधन तपासावे. पिस्टन इंजिनाचे 100 एलएल (कमी शिशाचे) पेट्रोल निळे असते. रंग किंवा वास वेगळा आला, अथवा तळाशी पाणी दिसले, तर धागा हाती लागला.

साक्षीदारांना वेगवेगळे गाठावे, प्रत्येकाला तो उभा होता तिथेच नेऊन हाताने दिशा दाखवायला सांगावे. दीड किलोमीटरवरचा आवाज चार सेकंदांहून उशिरा पोहोचतो. त्यामुळे ‘आधी पडले, मग इंजिन थांबले’ असे सांगणारा शेतकरी खोटे बोलत नसतो. हवेत आग पाहिल्याचे मात्र सरळ मानू नये. काजळीचे पट्टे वाऱ्याच्या झोताने मागे ओढलेले आहेत का, ते आधी पाहावे.

मे महिन्याच्या दुपारचा अपघात असेल, तर हवामान आणि वजन यांचा हिशेब नव्याने मांडावा. सोलापूरच्या सुमारे 480 मीटर उंचीवरच्या धावपट्टीवर 42 अंशांत हवा पाच हजार फुटांवरच्या इतकी विरळ होते, धाव लांबते आणि चढण मंदावते.

यंत्रात काहीच दोष सापडला नाही, तर वैमानिकाच्या शवविच्छेदनात हृदयाची तपासणी आणि रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण यांचा आग्रह धरावा. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीला (एक्झॉस्टला) गेलेली बारीक चीर हा वायू कक्षात आणू शकते आणि त्याला वासही नसतो. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर अहवालात वगळलेली प्रत्येक शक्यता पुराव्यासह नोंदवून कारण ‘अनिश्चित’ असे लिहावे.