चॅटबॉटला मार्गदर्शक करताना
नव्याने संघप्रमुख झालेल्या व्यक्तीने चॅटबॉटकडे थेट सल्ला मागू नये. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या 'ग्रो' या मार्गदर्शनाच्या पद्धतीनुसार, म्हणजे ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार या क्रमाने, एका वेळी एकच प्रश्न विचारण्यास त्याला सांगावे. उत्तर देताना 'माझे कोणी ऐकत नाही' असे मोघम न लिहिता, गेल्या बैठकीत आपण नेमके काय बोललो आणि समोरच्याने काय उत्तर दिले, ते लिहावे. ही साधने बरेचदा वापरणाऱ्याचीच री ओढतात (आणि ते गोडही वाटते), म्हणून आपल्या निर्णयाविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आवर्जून मागावा. सहकाऱ्यांची नावे किंवा पगार तेथे लिहू नयेत. ठरलेली कृती तारखेसह वहीत नोंदवावी आणि पुढील संभाषण त्या नोंदीपासूनच सुरू करावे.